नंतर आठवण करा

दोनशे चौदा पायऱ्या. शहाण्णवाव्या पायरीवर
मी दरवेळी थांबते. दम लागतो म्हणून नाही,
तिथल्या झरोक्यातून लेये नदी दिसते म्हणून,
असं मी वानेसला सांगते.

वरच्या खोलीत तो संगणक,
एकेकाळी पांढरा, आता म्हाताऱ्या दातासारखा पिवळा,
पंख्यात कबुतरांची पिसं,
पाठीशी सदतीस घंटांच्या तारा.
दर पाव तासाला तो गावाला वेळ सांगतो
आणि दर सोमवारी मला सांगतो
की त्याचे दिवस भरत आलेत,
थंडी पडली की त्याला कुणी वाली नाही.
खाली दोन चौकटी.
आत्ताच बदला.
नंतर आठवण करा.
सहा वर्षं मी दुसरीच दाबत आलेय.

वानेस सव्वीसचा, नगरपालिकेत नवा,
एका ढांगेत दोन पायऱ्या.
"योझफीन, नव्यात सगळं अचूक.
सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत."
"कुणाच्या सेकंदाच्या?" मी विचारलं.
तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.
मी हिशेब करत होते.

कारण आमची मार्गरीता उशिरा वाजते.
एकोणीस नंबरची घंटा, कडेचा टवका उडालेली,
तासाच्या सुरावटीत शेवटून दुसरी,
आणि ती अर्धा श्वास मागे राहते,
मिसा सुटल्यावर बाकाखाली छत्री शोधणाऱ्या
म्हातारीसारखी.
गावानं तो अर्धा श्वास वापरात आणलाय.
खोडेलीव्ह त्यातच भट्टीचं दार उघडते.
न्हावी कात्री अधांतरी धरतो.
शाळेतली पोरं त्या फटीत एकसाथ ओरडतात, "आता!"
आणि मी, घटस्फोटाच्या कागदावर,
त्याच फटीत पेन टेकवलं होतं.
मार्गरीता वाजली तेव्हा सही झालेली होती.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, कबूल.
पण हातचंच पळायला लागलं तर?

जानेवारीत पलीकडच्या गावी
कुणीतरी कुठूनतरी तारांमधून आत शिरलं
आणि रात्री तीन वाजता
लग्नाची सुरावट वाजवून गेलं. तीनदा.
सकाळी नगराध्यक्षांचा मला फोन :
"आपलं कुलूप कसं आहे?"
आपल्याला कुलूप नव्हतंच.
नुसतं दार होतं,
आणि अजून कुणी ढकलून पाहिलं नव्हतं.

गुरुवारी, बाजार उठल्यावर, मी पहिली चौकट दाबली.
त्रेपन्न टक्क्यांवर घोडं अडलं.
बंद करू नका, असं पडदा म्हणत राहिला,
जणू माझ्या हातात काही उरलं होतं.
दोन तास दहा मिनिटं गावाला वेळच नव्हती.
खोडेलीव्हचे बत्तीस पाव करपले,
तिनं एक जिन्याच्या दाराशी आणून ठेवला,
चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता काळा पाव.
वानेस नखं खात होता.
मी पिसं वेचत होते.

मग बारा.
वानेसनं मनगट डोळ्यांसमोर धरलं.
सुरावट उतरत आली, स्वच्छ, एकेक घंटा आपापल्या जागी,
आणि मी डोळे मिटले,
गेली, म्हटलं, गेली आपली म्हातारी,

आणि फट.
अर्धा श्वास.
मार्गरीता.

उशीर संगणकात नव्हताच कधी.
विजेरी घेऊन वर चढलो :
हातोड्याच्या बिजागरीत गंज, नखाएवढा.
माझी सहा वर्षं त्या नखाएवढ्यावर टांगलेली.
"दोन थेंब तेल," वानेस म्हणाला,
"पाच मिनिटांचं काम."
"उद्या," मी म्हणाले.

त्याला आता तीन आठवडे झाले.
तेलाची कुपी माझ्या कोटाच्या खिशात असते.
वर नेते, खाली आणते.
काल शहाण्णवाव्या पायरीवर टेकले, नदी पाहत,
तर बूच सैल झालेलं.
अस्तराला डाग पडलाय.